कुर्डूचा सत्कार

आमच्या मंडळाचं नाव 'दृष्टी-सृष्टी'. लातुरातली अकरा माणसं आणि त्यांच्यात मिळून सतरा कॅमेरे. दर रविवारी पहाटे आम्ही तीन गाड्या काढून खेड्यांकडे निघतो, जन्मभर मातीत राबलेल्या माणसांना निसर्ग म्हणजे काय ते समजावून सांगतो आणि दुपारच्या जेवणाला घरी परततो.

मंडळाचे अध्यक्ष रेणुकादास सर. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या अंगात चौदा खिशांचं एक जाकीट असतं. त्यातल्या एका खिशात लेन्स पुसायचं फडकं आणि बाकीच्या तेरांत बडीशेप. फुलाशी ते इतकं हळू बोलतात की शेजारच्यालाही ऐकू जात नाही. फुलाजवळ उभ्या असलेल्या माणसावर मात्र ते खेकसतात, कारण त्याची सावली पडते. दुसऱ्या श्रद्धा मॅडम. फोटोंखालच्या ओळी त्या लिहितात. त्यांच्या ओळीत 'हिरवा शालू' आला नाही असा एक फोटो दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या.

तिसरा मी, व्यंकट. एका कनिष्ठ महाविद्यालयात हेडक्लार्क. मंडळात ज्याच्या घरी खरंखुरं शेत आहे असा मी एकटाच, आणि ही गोष्ट मी पहिली चार वर्षं लपवून ठेवली होती. मंडळाचं दरवर्षी एक कॅलेंडर निघतं. बारा महिने, बारा फोटो. चार वर्षांत माझा एकही लागला नाही. सर म्हणायचे, "व्यंकटराव, तुमच्या फोटोत माती फार येते." मी मान हलवायचो आणि पुढच्या रविवारी माती टाळून फोटो काढायचो. शेताचा फोटो माती टाळून काढून बघा एकदा, म्हणजे माझे हाल कळतील.

तर कॅलेंडरात घुसायचं म्हणून त्या भादव्यात मी माझं गुपित बाहेर काढलं आणि मंडळाला आमच्या गावी नेलं.

गाव निलंग्यापासून अकरा किलोमीटरवर. थोरला भाऊ शिवशंकरदादा आणि तारामती वहिनी तिथं शेती बघतात. रान डांबरी रस्त्याला लागून आहे, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर मत देऊन जातो. पण पंचक्रोशीत वहिनींचं नाव आहे ते त्यांच्या टोळीमुळे. चौदा बायकांची खुरपणीची टोळी. वहिनी तिच्या मुकादम. शेषेरावांसारखे मोठे बागायतदार उसाची, हरभऱ्याची खुरपणी याच टोळीला गुत्त्यानं देतात, म्हणजे एकरावर ठरवून. "तारामतीची टोळी गेलेल्या रानात तणाची काडी सापडंना," असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

या टोळीची एक रीत आहे. लोकांची रानं उरकली की टोळीतल्या एकेकीच्या घरच्या रानाची पाळी येते. त्या दिवशी चौदाही जणी तिच्या रानात उतरतात, कुणी मजुरी घेत नाही, घरवालीनं फक्त जेवू घालायचं. पाळी एकदा हुकली की हुकली, कारण दुसऱ्या दिवशी दुसरीची असते, नाहीतर पुढचं गुत्तं लागतं. मुकादम आपली पाळी सगळ्यात शेवटी लावते. नाहीतर बाकीच्या तोंडावर काही बोलत नाहीत, पण पाठीमागं सोडत नाहीत.

आम्ही पोचलो तो रविवार नेमका वहिनींच्या पाळीचा होता. पावसानं आधीच पंधरा दिवस खाल्ले होते. गुडघाभर सोयाबीनच्या वर कंबरेइतकं कुर्डू माजलं होतं. कुर्डू मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. कोवळं असताना भाजी, आणि एकदा तुरा आला की दुश्मन. पण दिसायला म्हणाल तर काय दिसत होतं! पाच एकरांत पांढरे-गुलाबी तुरे, त्यांवर दव, मागून कोवळं ऊन. चौदा बायका साड्यांवर नवऱ्यांचे जुने फुल शर्ट चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात खुरपी घेऊन बांधावर उभ्या होत्या. पहिली ओळ धरायला सरजाबाई वाकल्या आणि तेवढ्यात गाडीतून सरांचा आवाज आला.

"थांबा! कुणीही हलू नका! हात लावू नका!"

बायका किंचाळून मागे सरल्या. त्यांना वाटलं, साप दिसला. सरजाबाई तर थेट रस्त्यावर आल्या. दानम्मा ही टोळीतली दणकट बाई, माहेर सीमेपलीकडचं. ती खुरपं उगारून चारी बाजूंना बघू लागली.

"कुठाय, कुठाय?"

"सगळीकडे," सर दोन्ही हात पसरून म्हणाले. "सगळीकडे! व्यंकटराव, हे मराठवाड्याचं कास पठार आहे हो. आणि तुम्ही चार वर्षं बोलला नाहीत!"

मी बोललो नव्हतो, कारण माझी अर्धी शाळा हे मराठवाड्याचं कास उपटण्यात गेली होती. दहावीच्या सुट्टीत तळहाताची कातडी निघाली होती. पण सर पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते, आणि तो हात मला फार बरा वाटला. मी म्हणालो, "हो सर. मला वाटलंच तुम्हाला आवडेल."

सरांनी त्या फुलाचं लॅटिन नाव सांगितलं. श्रद्धा मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. अकरा माणसं रानात शिरली. एक जण सोयाबीनवर चटई टाकून पोटावर झोपला. दुसऱ्याला आडवं येत होतं म्हणून त्यानं चार झाडं बाजूला केली. ती नेमकी सोयाबीनची होती.

वहिनींनी मला बांधाकडेला बोलावलं.

"भाऊजी, ह्ये कुर्डू हाय मनून तुमी सांगितलं न्हाईत का त्यास्नी?"

"वहिनी, फक्त आजचा दिवस. उजेड चांगला आहे म्हणतात."

"आज माझी पाळी हाय. बाकीच्यांच्या झाल्या. उद्यापासून शेषेरावच्या उसात. माझी पुन्ना येत न्हाई. आन आठ दिसांत बी पडंल ह्याचं."

"पुढच्या रविवारी आम्ही सगळे येतोच आहोत. अकरा जण आहोत. फोटो झाले की आम्हीच उपटून देतो. तासाभराचं काम."

वहिनींनी रानात पसरलेल्या आमच्या माणसांकडे बघितलं. सर एका तुऱ्यावर तोंडानं पाणी फवारत होते.

"ह्ये उपटणार?"

"मी शब्द देतो वहिनी."

हे मी म्हणालो. मला कुणी धमकावलं नव्हतं, पाजलं नव्हतं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

"तुमच्या शब्दावर हं भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि बायकांकडे वळल्या. "चला गं. आज ऱ्हाऊ द्या. पाव्हणे हाईत."

टोळीसाठी रांधलेलं पिठलं आणि भाकरी मग मंडळानं खाल्ली. 'अस्सल चव' म्हणून तिचेही फोटो निघाले. निघताना सरांना वहिनींचा फोटो हवा झाला. शर्ट काढायला लावला, टॉवेल सोडायला लावला, खुरपं खाली ठेवायला लावलं आणि हातात कुर्डूचा एक तुरा दिला. "असं त्याच्याकडे बघा, ताई. मायेनं." जन्मभर जे उपटलं त्याच्याकडे मायेनं बघायचं म्हटल्यावर वहिनींना हसू फुटलं. त्या खरोखर मनापासून हसल्या. सरांच्या कॅमेऱ्यानं ते हसू बरोब्बर टिपलं.

पुढच्या रविवारी पाऊस होता. मी ग्रुपवर आठवण टाकली, 'आज गावी कुर्डू काढायला जायचं ठरलं होतं.' उत्तरादाखल नऊ जोडलेले हात आले आणि एक इंद्रधनुष्य. मी एकटा गेलो असतो तरी चाललं असतं. गेलो नाही. पाऊस नऊ दिवस पडला. कुर्डूचं काळं चमकणारं बी रानभर सांडलं आणि त्याखाली सोयाबीन पिवळं पडून बसलं. दसऱ्याला गेलो तेव्हा निम्मं रान हातचं गेलेलं होतं. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "पाऊसच तसा व्हता, भाऊजी. तुमी तरी काय करताव." मी लगेच मान्य केलं की पाऊसच तसा होता.

इथं गोष्ट संपली असती तर मी आजही चांगला माणूस म्हणून हिंडलो असतो. पण दिवाळीच्या तोंडावर तो फोटो एका राज्यस्तरीय स्पर्धेत पहिला आला. नाव 'गुलाबी माया'. त्याआधी श्रद्धा मॅडमनी मला मोबाईलवर विचारलं होतं, "फोटोखाली ताईंचं एक वाक्य हवंय. त्या काय म्हणाल्या होत्या तेव्हा?"

मी लिहिलं, "त्या दिवशी खुरपणी थांबवली त्यांनी."

पाच मिनिटांनी मॅडमचं वाक्य आलं. "फुलांवर खुरपं चालवायला माझा हात धजत नाही – तारामती, शेतकरी, ता. निलंगा. चालेल ना?"

त्यात हिरवा शालू नव्हता, या आनंदात मी उलटा अंगठा दाखवायला हवा होता तिथं सुलटा दाखवला.

फोटो रविवारच्या पुरवणीत अर्धं पान छापून आला, वाक्यासकट. निलंग्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात शेषेरावांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे, आणि हॉटेल दहा मिनिटं हसत होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी उसाच्या गुत्त्याचं विचारायला गेल्या तेव्हा शेषेराव म्हणाले, "तुमचा हात धजत न्हाई मनून पेपरात आलंय की, तारामतीबाई. माझ्या उसात बी लई फुलं हाईत. ऱ्हाऊ द्या त्यास्नी. मी बघतो दुसरी टोळी." त्यांचं बघून आणखी दोघांनी तेच केलं. हंगामाच्या तोंडावर चौदा बायका घरी बसल्या. सरजाबाईंनी तर तोंडावर विचारलं, "तू खरंच तसं मनलीस का काय?"

त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाज शांत होता.

"भाऊजी, फोटो असू द्या. नुसतं ते वाक्य काढायला लावा. मी तसं मनले न्हाई, एवढं छापून आणा. बाकी मला काय बी नको."

मी सरांना सांगितलं. सर दचकलेच. "वाक्य काढायचं? व्यंकटराव, परीक्षकांनी त्या वाक्यालाच निम्मे गुण दिलेत. आणि हे बघा, आपण ताईंचा जाहीर सत्कार करतोय. त्यांना घेऊन या. त्यांना जे वाटतं ते त्या स्टेजवरून बोलतील. त्यांचा तो हक्कच आहे." मला हे फार सोयीचं वाटलं. मी वहिनींना कळवलं, "तुम्ही स्वतःच येऊन सांगा, वहिनी. पेपरवाले असणार आहेत." त्यांना ते पटलं. माझ्यावर त्यांचा अजून विश्वास होता.

सत्काराला वहिनी एसटीनं आल्या, सरजाबाई आणि दानम्माला घेऊन. तिघी इरकली नेसून पहिल्या रांगेत बसल्या. सभागृह भरलं होतं. स्टेजवर सत्काराच्या आधी सरांनी एक छोटी घोषणा केली, "यंदाच्या कॅलेंडरात ऑगस्ट महिन्याचं पान असेल आपल्या व्यंकटरावांचं." टाळ्या झाल्या. माझा फोटो पडद्यावर दिसला. एका बांधावरचं तेरड्याचं फूल. माती अजिबात नव्हती.

मग वहिनींना शाल, श्रीफळ आणि त्या फोटोची दोन हात रुंद तसबीर देण्यात आली. तसबिरीखाली ते वाक्य सोनेरी अक्षरांत. श्रद्धा मॅडमनी ते दोनदा वाचून दाखवलं. वहिनी माईकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी येताना एसटीत पाठ केलं असावं, कारण त्या कुठंही अडखळल्या नाहीत.

"मी तसं मनले न्हाई. ह्ये कुर्डू हाय. तण हाय. आमी चौदा बायका तण काढून पोट भरतो. ह्या कुर्डूनं माझं निम्मं सोयाबीन खाल्लं, आन ह्या वाक्यानं आमच्या बायांचं काम गेलं. ते वाक्य काढा, एवढंच मनणं हाय."

मग टाळ्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "किती गोड बोली आहे!" श्रद्धा मॅडम डोळे टिपत होत्या. सरांनी माईक आपल्याकडे ओढून घेतला. "बघा, हा विनय! कौतुक झटकून टाकायची ही आपल्या मातीची रीत. आम्ही शिकलेली माणसं हे विसरलो."

वहिनी गोंधळल्या. आपण काय बोललो आणि लोकांनी काय ऐकलं, याचा मेळ त्यांना बसेना. त्यांनी स्टेजवर इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसताच त्यांचा चेहरा निवळला.

"भाऊजी, तुमी सांगा की ह्यास्नी. तुमी तिथंच व्हताव."

माईक माझ्या हातात आला. दोन वाक्यांचं काम होतं. 'हे कुर्डू आहे. वहिनींची खुरपणी मी थांबवली आणि वाक्य मी पास केलं.' झालं असतं. पडद्यावर माझं तेरड्याचं फूल अजून होतं. सर माझ्याकडे बघून हसत होते आणि खिशातून बडीशेप काढत होते.

मी म्हणालो, "वहिनी फार साध्या आहेत. मोठेपणा घ्यायला त्यांना संकोच वाटतो."

त्या संध्याकाळी सगळ्यात मोठ्या टाळ्या मला मिळाल्या.

मी तिघींना स्टँडवर सोडायला गेलो. माझी गाडी आहे, तरी त्या रिक्षानं गेल्या आणि मी गाडीतून मागोमाग गेलो, असलं ते सोडणं. सरजाबाईंना तसबीर तिथल्या कचराकुंडीत टाकायची होती. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. काच चांगली हाय." बस लागली तेव्हा दानम्मा माझ्याकडे बघून वहिनींना कानडीत एकच शब्द बोलली, "सुळ्ळ." आमच्या भागात तेवढं कानडी सगळ्यांना कळतं. खोटारडा. वहिनींनी तिला गप्प केलं नाही. खिडकीशी बसून मांडीवर ती एवढी मोठी तसबीर धरून त्या सरळ समोर बघत राहिल्या. मला लाज वाटली. फार वाटली. पण ती मी घरी येऊन जेवणानंतर वाटून घेतली, तिथं स्टेजवर वाटायला हवी होती.

आता वेळ अमावस्येचं सांगतो. बाहेरच्यांना हा दिवस ठाऊक नसतो. पौष लागायच्या आधीच्या त्या अमावस्येला अख्खं लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळे आपापल्या शेतात. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात. आदल्या आठवड्यापासून ऑफिसात एकच विचारणा, "यंदा कुणाच्या शेतात?" मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. वहिनींचा फोन दरवर्षी आदल्या दिवशी यायचा, "भाऊजी, सकाळी लौकर या. आंबिलीचं मडकं तुमच्याबिगर कोण उचलणार?" पूजा झाली की आंबील रानभर शिंपडायची असते. आमच्या रानात ते मडकं लहानपणापासून माझ्या डोक्यावर.

यंदा फोन आला नाही. सरांचा आला. "व्यंकटराव, उद्या आम्ही सगळे तुमच्याकडेच! ताईंना भेटू, त्या फुलांचं हिवाळ्यातलं रूप टिपू." नाही म्हणायला मला एक कारण होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. सकाळी तीन गाड्या निघाल्या.

गावाजवळ आलो तर आमच्या रानापाशी रस्त्यावर गर्दी. मोटरसायकली, दोन ट्रॅक्टर, शेताकडे निघालेली माणसं, डोक्यावर शिदोऱ्या घेतलेल्या बाया. बांधावरच्या लिंबाला ती तसबीर सुतळीनं बांधलेली होती. गुलाबी रान, हसणाऱ्या वहिनी, सोनेरी वाक्य, सगळं जसंच्या तसं. खाली पत्र्याच्या तुकड्यावर चुन्यानं लिहिलं होतं, 'ह्ये भादव्यातलं. आताचं मागं बघा. तारामती आन टोळी.'

मागं पाच एकर हरभरा होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हिरवा, आणि दोन ओळींमध्ये नुसती काळीभोर माती. एवढं बी सांडलेल्या रानात तणाचं एक पान नव्हतं. काम नसलेल्या चौदा बायकांनी ते रान तीनदा हातानं काढलं होतं, हे मला नंतर दादाकडून कळलं. येणारा प्रत्येक जण आधी तसबीर बघून हसायचा, मग रानाकडे बघायचा आणि गप्प व्हायचा. काहीजण तर मुद्दाम आत शिरून तण शोधत होते. शेषेराव धोतराचा सोगा धरून सहा ओळी हिंडले, दोनदा वाकले, रिकाम्या हातानं परत आले.

"उसात कधी उतरताव?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"परवा. पर पेपर वाचून घ्या आदुगर," वहिनी म्हणाल्या. लोक हसले. शेषेरावही हसले, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

सर गाडीतून उतरले आणि रानासमोर उभे राहिले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

"पण इथं तर काहीच नाही," ते म्हणाले. "ताई, फुलं कुठं गेली?"

"काढली."

"सगळी?"

"हाव."

सरांच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. श्रद्धा मॅडमनी पत्र्याचा फोटो काढला आणि हे किती आगळंवेगळं आहे असं म्हणाल्या. अजूनही कुणाला काही कळलं नव्हतं, आणि आता समजावून सांगण्यात मला रस उरला नव्हता. मी कडब्याच्या कोपीकडे, पूजेसाठी उभारलेल्या खोपटाकडे गेलो. आत पूजा मांडलेली होती. दादानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मडक्याकडे हात नेला तर ते दानम्मानं आधीच उचललं होतं. ती माझ्या अंगावरून रानात निघून गेली आणि आंबील शिंपडू लागली.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी हरभऱ्यात शिरलो. एक तरी कुर्डू राहिलं असेल, ते उपटावं. एक. शब्द दिला होता तो निदान एका काडीपुरता पाळावा. पँट वर करून मी एक ओळ गेलो, दुसऱ्या ओळीनं परत आलो. वाकून, बुटांनी ढेकळं फोडून, अगदी बुडाखाली पाहिलं. पुन्हा तिसऱ्या ओळीत गेलो. बांधावर बायका ताटं मांडत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. शेवटच्या टोकाला लिंबाखाली मी थांबलो. हातात काही नव्हतं.

"पाव्हणे!"

मी सरांना हाक आली असं समजून मागे वळलो. वहिनी कोपीपाशी उभ्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. बाहेरच्या माणसाशी बोलावं तशा त्या नीट, अदबीनं बोलल्या.

"पाव्हणे, रानात काय न्हाई आता. ताट वाढलंय, जेवून घ्या. तिकडं, तुमच्या मानसांत बसा."

वेळ अमावस्येला रानात आलेल्या कुणालाही उपाशी पाठवत नाहीत. कोपीपाशी दादा, टोळी आणि घरचे बसले होते. दूर चटईवर मंडळ बसलं होतं. सर सरकले, त्यांनी मला जागा करून दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ताट पुढं ओढलं.